दाजींचा वळसा

सरळ रस्ता नावाची वस्तू या जगात अस्तित्वात आहे, यावर माझ्या थोरल्या साडूंचा विश्वास नाही. नकाशावरची सरळ रेघ ही त्यांच्या मते सरकारची एक सोय आहे. माणसांनी ती मनावर घ्यायची नसते. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात त्यांची सारी नोकरी गेली. कुणाच्या रानात ऊस कुठवर आला आहे हे पाहत मोटारसायकलवरून हिंडणे हे त्यांचे काम होते, आणि ऊस पाहता पाहता त्यांनी त्या उसामागच्या माणसांची लग्ने, वाटण्या, भांडणे आणि दुखणीही पाहून ठेवली. परिणाम असा झाला की नगर जिल्ह्यात जिथे त्यांचे कुणी नाही असे गाव उरले नाही. आणि जिथे आपले कुणी आहे ते गाव न थांबता ओलांडणे म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावणे होय, असे त्यांचे ठाम मत आहे. एकदा ते राहुरीच्या घरातून माझ्या मेव्हणीसाठी डोकेदुखीच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, ते दुसऱ्या दिवशी खर्ड्याला बांधाचा एक तंटा मिटवून परतले. गोळ्या मात्र न विसरता आणल्या होत्या. मेव्हणीची डोकेदुखी तोवर डोक्यातून निघून जिभेवर आली होती.

आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. खरे तर ती हाक माझ्या पत्नीची. पण त्यांना दुसरे काही म्हणण्याचे आजवर कुणाला सुचले नाही. मी स्वतः हळू बोलणारा माणूस आहे. एखादे वाक्य बोलण्याआधी त्याचे कुणाला काय वाटेल याचा विचार करतो, आणि विचार संपेपर्यंत बहुधा विषय बदललेला असतो. दाजींचे उलट आहे. ते आधी बोलतात, मग चहा मागतात, आणि चहा संपेपर्यंत समोरच्याला ते बोलणे पटलेले असते.

तान्ह्या मुलांशी ते अहो-जाहोनेच बोलतात. आमच्या नातीच्या बारशाला पाळण्याशी हात जोडून त्यांनी विचारले, “बाईसाहेब, नाव ठेवायला सुरुवात करू का? तुमची हरकत असली तर सांगा.” बाईसाहेब झोपल्या होत्या. परवानगी मिळाल्याशिवाय आपण पुढे जाऊ शकत नाही, असे दाजींनी जाहीर केले आणि घुगऱ्यांच्या वाट्या हातात घेऊन आलेल्या साऱ्या बायका ताटकळत उभ्या राहिल्या. अखेर नात जांभई देऊन हलली, तेव्हा कुठे नाव ठेवले गेले. या वागण्याचे कारण मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, “मोठ्या माणसांचं जे व्हायचं ते हून बसलेलं हाय. त्यांना काय मान द्यायचा? ह्यांचं आजून ठरायचंय. उगं आत्तापासून अरे-तुरे करून वाईटपणा कोन घील?”

पण हाच माणूस दृष्टीच्या बाबतीत इतका हळवा आहे, की बाईसाहेबांची चारचौघांत नालस्ती करणे हे आपले कर्तव्य समजतो. कुणी “किती गोड” म्हणायचा अवकाश, दाजी पुढे सरसावतात. कसली गोड, रंग बघा, केस बघा, आणि नाक तर सरळ आमच्या साडूंचं आलंय, तेव्हा पुढचं काही विचारू नका. ही शेवटची पुस्ती केवळ दृष्टीसाठी असते, असे मी स्वतःला समजावत आलो आहे.

आता त्या प्रवासाविषयी. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, तिसगावच्या पुढे आमच्या गावाकडच्या वस्तीवर एकटे राहतात. वहिनी जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही. माझी लेक शाळेच्या सगळ्या सुट्ट्यांत त्यांच्यापाशीच वाढली. ती त्यांना मोठे बाबा म्हणते. तिला दिवस गेले तेव्हा पहिले बाळंतपण वस्तीवरच होणार, हे दादांनी मनाशी ठरवून टाकले. खोलीला चुना दिला, बाज नव्याने विणून घेतली, डिंक आणि अळीव आणून ठेवले. एवढ्यावर न थांबता बाळंतिणीला दूध हवे म्हणून एक दुभती म्हैस घेतली. इकडे पुण्यात लेकीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. मी फोनवर हे सांगितले. दादांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “आता म्हशीला काय सांगू?”

त्यानंतर आमचे फोन होत राहिले, पण तब्येत, पाणी आणि कांद्याचा भाव एवढे झाले की आम्ही दोघेही लेकीच्या नावाजवळ येऊन थांबायचो आणि फोन ठेवायचो. बारशाला दादा आले नाहीत. तूप मात्र आले. नात सहा महिन्यांची झाली आणि लेक म्हणाली, “बाबा, मला वस्तीवर जायचंय. त्यांनी दारातून परत पाठवलं तरी चालेल, पण एकदा जायचंय.” चालेल असे ती म्हणाली खरी, पण ते तिला चालणार नव्हते, हे तिच्या आवाजावरून मला कळत होते.

जावयांना रजा नव्हती. मी भाड्याची मोटार ठरवणार, तोच बातमी कळून दाजी आपली जुनी जीप घेऊन पुण्यात हजर झाले. तान्हे मूल पहिल्यांदा घरी न्यायचे तर ते अनोळखी माणसाच्या गाडीतून नेणार का, असे त्यांनी मला विचारले. मी विचार करत होतो, तोवर त्यांनी जीपमध्ये लुगड्याची झोळी बांधलीसुद्धा. मग डॉक्टरांच्या सूचनेवरून लेकीने ती सोडली, दाजींनी पुन्हा बांधली, आणि शेवटी माझ्या पत्नीने त्या लुगड्याची घडी करून ती स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवली. दुपारच्या जेवणाला वस्तीवर पोचू, असे मी दादांना सकाळी कळवले होते. त्यावर ते नुसते “हूं” म्हणाले होते. त्या “हूं”चे मी शिरूर येईपर्यंत नाना अर्थ लावून पाहिले.

सुप्याला दाजींनी जीप वळवली. तिथे त्यांची चुलत बहीण असते. तान्हे मूल पहिल्यांदा घरी आले की त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचे, मगच आत घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. बहिणीने भाकरतुकडा ओवाळला, नातीच्या डोक्यावर एक टोपडे घातले, चहा झाला. केडगावला माझी आत्या. पुन्हा भाकरतुकडा, पुन्हा टोपडे, पुन्हा चहा. भिंगारला जे गृहस्थ भेटले त्यांचे आमचे नाते मला शेवटपर्यंत उलगडले नाही. त्यांचा ऊस एका वर्षी दाजींनी लवकर तोडून नेला होता, एवढे समजले. त्यांच्या घरी बाळंतविडा तयार नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या नातवाच्या डोक्यावरचे टोपडे काढून आमच्या नातीला घातले. नातवाने भोकाड पसरले. दाजींनी त्याची रीतसर क्षमा मागितली, अर्थात अहो-जाहोने.

प्रत्येक घरून निघताना दाजी दबक्या आवाजात एक सूचना करत: आम्ही येऊन गेल्याचं वस्तीवर फोन करून सांगू नका बरं का. नगर जिल्ह्यात एखादी बातमी वाऱ्यासारखी न्यायची असेल तर तिच्यामागे “सांगू नका” एवढे दोन शब्द लावावे लागतात, हे न कळण्याइतके ते भोळे नाहीत. ते असे का करत होते, हे मात्र मला कळत नव्हते. करंजीचा घाट उतरून माझ्या मावससासूच्या दारात जीप उभी राहिली, तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि लेक पार गप्प झाली होती. मी मनात दोनदा जुळवलेले वाक्य अखेर बोललो. दाजी, दादा वाट पाहत असतील, आता पुरे करावे. दाजी म्हणाले, बाईसाहेबांची मान अजून ताठ आहे, अजून एक टोपडं सहज मावेल.

तिसगावला माझ्या चुलतभावाच्या दुकानासमोर चहा घेताना त्यांनी मला बाजूला घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठा डाव जिंकल्याचा भाव होता.

“सरळ आलो असतो,” ते म्हणाले, “तर तुमच्या दादाच्या दारात आपन पाचच जन. त्यानं तोंड फिरवलं की संपलं. आता कसं, सगळ्या गनगोतानं पोर घरात घेतलीया. फोनवर फोन गेलं आसतील. रुसलेल्या मानसाला समजावता येत न्हाई, साडूभाऊ. त्याला येकटं पाडावं लागतंय.”

मी थक्क झालो. महिनोन् महिने मी जे एक वाक्य जुळवत बसलो होतो, त्याऐवजी या माणसाने आमचे सारे नातेवाईक ओळीने जुळवले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. लेकीला हळूच सांगितले. ती प्रथमच जरा हसली, आणि आम्ही विजयी सैन्यासारखे वस्तीकडे निघालो.

उन्हे कलली होती. दादा दारातच उभे होते, धुतलेला सदरा घालून. त्यांनी लेकीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. ते थेट जीपपाशी आले आणि दाजींना म्हणाले, “सुप्यानं बघितली. केडगावनं बघितली. भिंगारच्या त्या न्हाई नात्याच्या मानसानंबी बघितली. समद्या जिल्ह्याची बघून झाली, आन् मी शेवटचा व्हय?”

दाजींनी तोंड उघडले. त्यातून काही बाहेर आले नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी असे प्रथमच पाहत होतो.

“सकाळधरनं फोन घेतोय मी,” दादा म्हणाले. “जो तो मलाच सांगतोय पोर कशी हाय ते. माझ्या घरची पोर!”

लेक नातीला घेऊन खाली उतरली होती. “मोठे बाबा,” एवढेच ती म्हणाली आणि उंबऱ्याकडे निघाली. दादांनी हात आडवा केला.

“तितंच थांब.”

ती थांबली. माझ्या पत्नीने माझा दंड धरला. ज्या क्षणाच्या भीतीने मी इतके महिने काढले तो हाच, असे मला वाटले.

“भाकर सकाळची हाय,” दादा म्हणाले. “गार झाली. गार भाकर ओवाळायची न्हाई पोरीवरनं. ताजी करतो.”

ते आत गेले. मी करते म्हणून माझी पत्नी पुढे झाली, तर आतूनच, घरच्याच माणसानं करायची असते, असे त्यांनी तिला बजावले. मग आम्ही सारे अंगणात उभे राहिलो आणि आतून परातीचा, थापण्याचा, तवा सरकवल्याचा आवाज ऐकत राहिलो. तेवढ्यात नातीने स्वतःच्या डोक्यावरचे एक टोपडे ओढून काढले. आत दुसरे होतेच.

दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या मनगटापर्यंत पीठ होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात वाफाळणारा तुकडा. हे काम आमच्या घरी आजवर बायकांनीच केलेले. किती वेळा ओवाळायचे हे त्यांना आठवेना, म्हणून ते ओवाळतच राहिले. थांबा असे त्यांना कुणी म्हणाले नाही. नातीने मात्र तुकड्याचा पाठलाग डोळ्यांनी केला आणि पुढच्या फेरीला हात लांबवून तो धरायला गेली. दादांनी घाईने हात मागे घेतला. मग तिच्याकडे पाहिले, नीट, पहिल्यांदाच.

“हिला भाकर पायजे,” ते लेकीला म्हणाले. “खाती का अजून न्हाई?”

“आता सुरू करायचंय, मोठे बाबा. तुमच्याकडूनच.”

यावर दादांनी तुकडा लांब भिरकावला, पाणी टाकले, पिठाचे हात सदऱ्याला पुसले आणि नातीला उचलून घेतले. “आदी म्हशीला दावून आनतो,” म्हणाले, आणि गोठ्याकडे चालू लागले. लेक त्यांच्या मागे गेली. गोठ्यातून तिचे हसणे आणि रडणे एकदमच ऐकू येऊ लागले, आणि माझी पत्नी पदर सावरत तिकडे धावली.

अंगणात मी आणि दाजी उरलो. दाजी ओट्यावर बसले. जरा वेळाने उठून आत गेले, सकाळची ती गार भाकरी ठेचा लावून घेऊन आले, आणि अर्धी मला दिली. भाकरी जाड होती, कडेला करपलेली. तिच्याखाली अजून चार तशाच झाकून ठेवल्या आहेत, असे त्यांनी सांगितले.

“रुसलाच नव्हता की हो हा,” ते म्हणाले. “नुसता वाट बघत हुता. मग म्या येवढं फिरवलं ते फुकटच की.”

फुकट नाही, असे मी म्हणालो. ते खरे आहे की नाही याचा मी नेहमीप्रमाणे पुढे पुष्कळ विचार केला. पण त्या वेळी मात्र तो न करता बोललो, आणि दाजींनाही ते बरे वाटले असावे. आम्ही खात राहिलो.

दादा नातीला कडेवर घेऊन परतले तेव्हा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. दाजींच्या हातातली भाकरी पाहून त्यांनी अजून ठेचा हवा का विचारले. मग सहज, पाहुण्याला विचारावे तसे, त्यांनी दाजींच्या नातवाची चौकशी केली. दाजींचा मुलगा परदेशात असतो. नातू आता दोन वर्षांचा आहे. दाजींनी त्याला मोबाईलच्या काचेवर पाहिले आहे, उचलून घेतलेले नाही. राहुरीच्या घरी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा अजून राहिला आहे.

दाजींनी हातातला घास परत भाकरीवर ठेवला.

“येतील,” ते म्हणाले. “साहेबांना सवड झाली की येतील.”

दादांनी मान डोलावली. त्यांनी नातीला दाजींच्या मांडीवर ठेवले आणि ठेचा आणायला आत गेले.