भिवाकाकांच्या आज्याची पावलं

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उतरून "इथं मराठी माणसं कुठं राहतात?" असं विचारणारा जगातला पहिला आणि शेवटचा माणूस म्हणजे आमचे भिवाकाका. लोकांनी हसून त्यांना आमच्या ह्यांच्याकडे आणून सोडलं, कारण हे तिथे पेपर वाचत बसले होते आणि रिकामे दिसत होते. काका मॉरिशसहून आले होते. त्यांचा आजा पाथरवट, कोकणातून ऊसमळ्यावर मजुरीला गेलेला. त्याचं गाव काकांना शोधायचं होतं. खूण काय, तर गावात विहीर आहे आणि पिंपळ आहे. चार दिवस आमच्या घरी राहून, फणसपोळीचा डबा तळापर्यंत खरवडून, गाव न सापडताच ते परत गेले. जाताना म्हणाले, "आता तुमी यायचं. न्हाय आलात तर मी परत येन."

दोन वर्षांनी आम्ही गेलो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. सून परवा म्हणाली, "आई, त्या वेळच्या वह्या आहेत ना, मग ब्लॉगवर टाका." म्हणून टाकतेय. तेव्हाचे दर सांगत नाही, वाचून तुम्हालाच रडू येईल. एवढंच सांगते की खिसा फाटला तो विमानाच्या तिकिटाने. तिथे पोचल्यावर बस आणि खाणं दोन्ही स्वस्त.

काकांचं घर मोंतान्य ब्लांशला. चारी बाजूंनी ऊस, मध्ये पत्र्याचं घर, दारात तुळस. आणि दारातच उभी त्यांची थोरली बहीण, सोनाक्का. सत्तरीची, बारीक चणीची, आवाज मात्र गावाला पुरेल एवढा. घरात ट्रंका भरलेल्या. आक्का रविवारी लंडनला मुलाकडे निघाली होती, कायमची. आम्ही पोचलो बुधवारी.

जेवताना तिने भाऊरायांना धरलं. "भिवा, तीस वरसं सांगतोस, आज्याची पावलं पायली, आज्याची पावलं पायली. मला दाव. मग मी जाते."

भानगड अशी. ह्या आज्याला ऊस तोडता तोडता कोणीतरी राजधानीला, पोर्ट लुईला नेलं, बंदराजवळच्या गोदामाचे दगड घडवायला. तिथे त्याने एका दगडावर दोन पावलं कोरली. आक्काच्या वडिलांनी हे मरताना सांगितलं, आणि पत्ता सांगायच्या आत गेले. आक्काने आजा लहानपणी पाहिलेला. "डाव्या पायाला चारच बोटं," ती म्हणाली, "करंगळी खाणीत गेली. मी त्याच्या पायाशी बसून मोजायची. चार. परत मोजायची. चारच." मग ताटातला भात एका कडेला सारला. "तिकडनं मी काय परत येत न्हाय. एकदा बघून जाऊ दे."

काका भातावर डाळ ओतत राहिले. "दावतो गं. बे नों, त्यात काय!" तिथल्या क्रिओल बोलीत बे नों म्हणजे छे छे.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं बसने निघालो. काका, हे आणि मी. आक्काला आधी पक्की जागा बघून मग न्यायचं ठरलं. जाणाऱ्यांसाठी सूचना: बस मोकामार्गे जाते, उजवीकडची खिडकी अडवा, अंगठ्यासारखा ल पूस डोंगर नीट दिसतो. पोर्ट लुईत उतरलात की मान वर करा. दुकानांच्या पाट्या बघू नका, पाट्यांच्या वरचं बघा. लाकडी नक्षीच्या झालरी, बंद पडलेल्या गच्च्या, दाराच्या चौकटीवर कोरलेली साल-तारीख. मग मान खाली घाला. भिंतीतल्या लोखंडी कड्या दिसतील, घोडे बांधायच्या. अख्खं शहर त्यांच्यावरून जातं आणि कोणी वळून बघत नाही. मला तर वेडच लागलं. ह्यांना लागलं नाही. दुपारी बारा वाजता हे म्हणाले, "दगडच बघायचे होते तर रायगडावर गेलो असतो. बसने."

काका आम्हाला थेट टेकडीवरच्या किल्ल्यावर घेऊन गेले. आता बंदराजवळचं गोदाम आणि टेकडीवरचा किल्ला यांचा काय संबंध? पण काका पुढे आणि आम्ही मागे. एका भिंतीपाशी थांबून ते दगडांवर हात फिरवू लागले. पहारेकरी आला. "की पे रोदे?" म्हणजे काय शोधताय.

"मो ग्रांपेर सो लिपिए," काका म्हणाले. माझ्या आजोबांचे पाय.

पहारेकऱ्याने आधी भिंतीच्या वर बघितलं, मग भिंतीच्या खाली दरीत वाकून बघितलं, आणि काळजीने विचारलं की आजोबा कधी पडले.

दुपारी बाजारात धोलपुरी खाल्ली. दिसायला थेट पुरणपोळी. मी भाबडेपणाने मोठा घास घेतला आणि आतून मिरचीची चटणी निघाली. डोळ्यांतून पाणी. काका म्हणाले, "हितं पुरण गोड करत न्हाईत, म्हायेरची आठवण येते." आता हे खरं की तिथल्या तिथे रचलेलं, देव जाणे. वर आलुदा प्या, थंडगार दूध, सब्जा घातलेलं. जीव शांत होतो.

संध्याकाळी आक्काने विचारलं, "गावला?" काका म्हणाले, "जवळपास." आक्का माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

शुक्रवारी ती स्वतःच निघाली. इस्त्रीचं लुगडं, काखेत छत्री, पिशवीत चार जणांचा डबा. काकांनी तिला चार गोदामं दाखवली. पहिल्यात दगडावर दोन खड्डे होते. "सा मेम!" काका ओरडले, हेच ते. आक्काने बोट घालून पाहिलं. "भिवा, ह्ये बिजागरीचं भोक हाय." दुसऱ्यात कुणा साहेबाची आद्याक्षरं. तिसऱ्यातून आम्हाला हाकललं. चौथं गोदाम नव्हतंच, पाडून झालेलं. तिथल्या मोकळ्या जागेकडे आक्का बराच वेळ बघत उभी राहिली. "ह्यातच गेली असतील गं," ती मला म्हणाली.

कंपनी गार्डन नावाच्या बागेत वडाखाली डबा उघडला. शेवटी काकांनी भाकरी खाली ठेवली. "आक्का, म्या न्हाय पायली."

"काय?"

"बा सांगत व्हता तवा मी झोपलो व्हतो. सकाळी तू सांगितलंस. मग लोकं इचारायला लागली, मी म्हनलं पायली. एकदा म्हनलं म्हंजे मग म्हनतच ऱ्हायलो."

मला वाटलं आता छत्री बसते. बसलीच. एकच, पाठीत. मग आक्का म्हणाली, "भाकर खा. वाळंल." मला त्या क्षणी दोघांची सारखीच दया आली.

शनिवार उजाडला. काकांचा बैठकेतला वर्ग शनिवारी दुपारी असतो. बैठका म्हणजे भजनाची, शिकवणीची खोली. बाजारामागच्या गल्लीत, बंदराच्या अगदी तोंडावर एक जुनी दगडी खोली भाड्याने घेतलेली. वीस वर्षं काका तिथे मराठी शिकवत होते. आक्का म्हणाली, "मी बी येते. सगळ्यास्नी रामराम करते." शनिवारी घोड्यांच्या शर्यती असतात, शहर तुडुंब भरतं, तेव्हा तुम्ही दुसरा वार निवडा. आम्हाला बसमध्ये उभं राहावं लागलं आणि पोचायला उशीर झाला. मंडळी आत जमून बाराखडी म्हणत होती. दारात चपलांचा हा ढीग! आपली माणसं देवळात असोत की शाळेत, चपला उंबऱ्यावरच काढणार, एकमेकांच्या डोक्यावर.

काका आत गेले. मी जाणार तोच आक्का थांबली. "शी! ह्ये काय वळण?" ती वाकून चपला जोडीने लावू लागली. लंडनला जायला एक दिवस उरलेला, आणि ही बाई पस्तीस जणांच्या चपला लावतेय! मी पण बसले लावायला, काय करणार. चपला झाल्या, मग खालचं पायपुसणं तिच्या नजरेत आलं. साखरेचं गोणपाट, धुळीने कडक झालेलं. तिने ते उचललं आणि गल्लीत फडाफडा झटकलं.

आणि परत अंथरायला वाकली ती वाकलेलीच राहिली.

उंबऱ्याच्या काळ्या दगडात माती भरलेली दोन पावलं होती. आक्काने पदराने पुसली, मग छत्रीच्या टोकाने माती उकरली. मी तोंड उघडायच्या आत ती मोजत होती. "एक, दोन, तीन, चार." परत मोजली. "चारच."

"भिवा!!"

बाराखडी थांबली. काका धावत दारापर्यंत आले आणि खाली बघून जागीच थिजले. ती खोली एकेकाळचं गोदामच, आणि ते गोणपाट वीस वर्षांपूर्वी त्यांनीच अंथरलं होतं. कुणाचा पाय घसरू नये म्हणून.

आत एकच गलका. पण बाहेर कसं यायचं? आज्यावर पाय देणार कोण? सगळी मंडळी मागच्या खिडकीतून उड्या मारून आली, सत्तरीच्या दोन म्हाताऱ्यासुद्धा. काका शेवटी निघाले आणि पोटापाशी अडकले. बाहेरून ह्यांनी हात ओढले, आतून कोणी रेटलं नाही कारण आत कोणी उरलंच नव्हतं. "आयो ममा!" काका ओरडत होते, पण हसत होते आणि रडतही होते.

मग वाद सुरू झाला. पावलांची बोटं रस्त्याकडे होती. लक्ष्मीची पावलं आत येणारी हवीत, ही बाहेर कशी? एक म्हणाले दगड उलटा बसवला. दुसरे म्हणाले गवंडी फिरंगी असणार. मी शिक्षिका, मीही अक्कल पाजळली.

आक्काने कुणाचंच ऐकलं नाही. तिने वहाणा काढल्या आणि त्या पावलांत अलगद उभी राहिली. मोठी, पुरुषाची पावलं, तिचे पाय आत पोरीसारखे दिसत होते. समोर गल्ली, गल्लीच्या टोकाला बंदर, जहाजांच्या डोलकाठ्या.

"लक्ष्मी न्हाय गो," ती म्हणाली. "आजा हाय. घरी निघालाय."

मी तिथेच रडले. लाज वाटली नाही.

वर्गातल्या वहीची पानं फाडून आक्काने कोळशाने पावलांचे दोन ठसे घेतले. एक तिच्या ट्रंकेत गेला, दुसरा तिने मला दिला. रविवारी विमानतळावर ती काकांना म्हणाली, "चपला नीट लावायला शिकीव. बाराखडी मागनं." आणि मागे वळून न बघता गेली.

दिवाळीला रत्नागिरीत मी उंबऱ्यावर रांगोळी काढत होते. कोळशाचा कागद शेजारी. आधी ती दोन मोठी पावलं काढली, बोटं घराच्या आत. सासूबाई चष्मा सावरत आल्या.

"अगं, लक्ष्मीला चारच बोटं?"

"लक्ष्मी नाही, आई. पाहुणे आहेत. फार लांबून आलेत." आणि मी सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातून रांगोळीची वाटी घेतली. "मग दारात काय उभं करून ठेवलंस त्यांना?" म्हणाल्या, आणि वाकून दुसरी जोडी काढली, मग तिसरी, थेट स्वयंपाकघरापर्यंत.