विमानाखालचं लिंबू

अमेरिकेत मी सहा महिने राहिले आणि तिथलं एक तारेचं कुंपण पाहून परत आले.

लोक धबधबा बघतात, समुद्रातला तो मोठा पुतळा बघतात. मी कुंपण पाहिलं. मुलाच्या घरापासून, म्हणजे कॅरी नावाच्या गावापासून, मोटारीने अर्ध्या तासावर एक लहानसा विमानतळ आहे, त्याचं कुंपण. कुठे गंज चढलाय आणि कुठे तारेचा पीळ सुटलाय, ते आजही डोळे मिटून सांगेन. याचं सगळं श्रेय ह्यांना!

ह्यांना विमानांचं वेड. तेही साधंसुधं नाही. प्रवाशांचं विमान डोक्यावरून गेलं तर हे मानसुद्धा वर करणार नाहीत. म्हणतात, "ती काय, एस.टी. आहे." ह्यांना हवीत लष्कराची विमानं, नाहीतर म्हातारी झालेली. तीही दुसरीकडून दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेली. नाशकात जकात नाक्यावर नोकरी केली, पण ट्रक समोर आणि नजर आभाळात. (किती ट्रक तसेच निघून गेले असतील, देव जाणे!)

दोन हजार सहा साली मुलाने, मिलिंदने, आम्हाला कॅरीला बोलावलं. ह्यांनी दुसऱ्याच आठवड्यात तो विमानतळ शोधून काढला. कुंपणाबाहेर ह्यांच्यासारखेच पाच-सहा रिटायर झालेले अमेरिकन बसलेले असत. घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी आणि तोफेएवढ्या नळीचे कॅमेरे. त्यांतला जिम ह्यांचा जिवलग झाला. जिमला मराठी येत नाही, ह्यांना इंग्रजी बेताचं. पण विमानाचा आवाज आला की जिम त्याचं नाव ओरडे, "सी वन थर्टी!" हे ओरडत, "फोर इंजिन!" आणि मग सोयरीक जमल्यासारखे दोघं समाधानाने मान हलवत.

मी मागे खुर्चीवर. सहावारी, वर सुनेचं जाकीट, मांडीवर चहाचा थर्मास. माझ्या बहिणीला वाटत होतं मी अमेरिकेत मजा करतेय!

एकदा तर पोलीस आला. ते दिवसच तसे होते, दुर्बीण घेऊन विमानांकडे बघणारा सावळा माणूस दिसला की लोकांना शंका येई. जिमने उठून सांगितलं, हा आमच्यातला आहे. पोलिसाने मग माझ्याकडे पाहिलं. मी इतकी घाबरले की काही न सुचून त्याला चकली दिली. त्याने खाल्ली आणि दुसरी मागितली.

आणि मग तिथे टायगर मॉथ आलं.

हे इंग्रजांचं फार जुनं विमान. हे आठ वर्षांचे असताना तसलंच एक ह्यांच्या गावाबाहेर शेतात उतरलं होतं. सगळं गाव धावलं. हे सगळ्यांच्या पुढे. पंखाला हात लागणार इतक्यात शिपायाने कान धरून मागे ओढलं. कान सुटला, पण ते विमान काही डोक्यातून सुटलं नाही. लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा मला हीच गोष्ट सांगितली. (मी लाजून मान खाली घातली. ह्यांना वाटलं, मला आवडली.)

या टायगर मॉथमध्ये लोकांना बसवून आभाळात फिरवून आणत होते. मिलिंदने रविवारची शेवटची जागा ह्यांच्यासाठी धरली. सोमवारी विमान दुसऱ्या गावाला जाणार आणि त्याच आठवड्यात आम्ही भारतात. म्हणजे रविवारी जमलं तर जमलं, नाहीतर आयुष्यात नाही. हे चार दिवस नीट झोपले नाहीत.

मीही झोपले नाही, पण वेगळ्या कारणाने. मी ते विमान कुंपणातून पाहिलं होतं.

"अहो, याला छप्पर नाही!"

"हवा लागते. मजा असते."

"आणि पंख कसले आहेत हे?"

"कापडाचे."

"कापडाचे?"

"वरून रोगण लावतात. पक्के होतात."

"माझ्या पोलक्यालाही अस्तर आहे. म्हणून मी उडते का?"

ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बीण लावली की ह्यांना ऐकू येत नाही.

आता आमच्या घरात एकही वाहन चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय हललेलं नाही. ह्यांची सायकल, मिलिंदची स्कूटर, कॅरीतली नवी मोटार. ती तर दुकानाच्या दारातच! सगळी अजून धड आहेत. मग ज्याच्यात माझा नवरा बसणार, त्या कापडी खेळण्याला बिनलिंबाचं कसं सोडू? रविवारी सकाळी मी सुनेच्या फ्रिजमधून चार लिंबं पर्समध्ये टाकली. तिथलं लिंबू आपल्या मोसंब्याएवढं. पर्स फुगली. सून, मृणाल, म्हणाली, "आई, एवढं काय घेतलंत?" मी म्हटलं, "स्वेटर."

मिलिंदला ऑफिसचं काम निघालं, म्हणून मृणालनेच ड्राइव्ह केलं. विमानतळावर शे-दोनशे माणसं जमली होती. पायलट म्हणजे माझ्याच वयाची एक बाई, पाठीवर पांढरी वेणी. विमानाची देखभाल करणारा लाल टोपीवाला आडदांड माणूस होता. त्याने आणि मृणालने मिळून ह्यांना पुढच्या खड्ड्यात बसवलं. (सीट कसली, खड्डाच तो!) कातडी टोपी आणि मोठा गॉगल चढवल्यावर हे हुबेहूब बेडकासारखे दिसायला लागले. पण असे आनंदी बेडूक मी पाहिले नव्हते.

लाल टोपीवाल्याने आम्हाला फोटोसाठी दोरीच्या आत घेतलं.

"आई, इकडे बघा, स्माइल!" मृणालने कॅमेरा धरला.

"थांब गं, निऱ्या सुटल्या," म्हणून मी वाकले आणि दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू सरकवलं. शेपटीखाली चाक नव्हतं, नुसता लोखंडी टेकू होता. त्याला लांबूनच नमस्कार केला. मग येऊन छान हसले. फोटो झाला.

आता ते विमान गवतावर न्यायचं होतं. कसं? ढकलून! आमची स्कूटर चढावर बंद पडली की ढकलायचो, तसं. लाल टोपीवाला आणि आणखी दोघं भिडले. डावीकडे फच्च झालं. उजवीकडे चाक अडलं.

"ब्रेक लागलाय वाटतं," मी निरागसपणे म्हटलं.

मृणाल म्हणाली, "आई, ते म्हणतायत या विमानाला ब्रेकच नाहीत."

ब्रेकच नाहीत! (बरं झालं लिंबू ठेवलं!)

त्यांनी जोर लावला. उजवं लिंबू फुटलं आणि त्याची पिचकारी लाल टोपीवाल्याच्या पँटवर. त्याने खाली पाहिलं. एका चाकाखाली ओलं, दुसऱ्या चाकाखालीही ओलं. तो एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळी माणसं मागे पळाली.

"काय म्हणतोय?"

"पेट्रोल गळतंय म्हणे! चला मागे!"

बेडकाला बाहेर काढण्यात आलं. बसायला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ उतरायला लागला, कारण बेडूक सीट सोडत नव्हता. "नो प्रॉब्लेम! नो प्रॉब्लेम!" हे ओरडत होते. दोघांनी बगलेत धरून उतरवलं. गॉगलच्या आतून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुन्हा कोणी कान धरलाय.

लाल टोपीवाला विमानाखाली पालथा पडला. बोट बुडवलं. वास घेतला. पुन्हा घेतला. पायलटबाईला बोलावलं. तिने वास घेतला.

"आई," मृणाल पुटपुटली, "ती चाटतेय."

टोपीवाल्याने टायरमधून काहीतरी खरवडून काढलं आणि उजेडात धरलं. बी होती. मग स्पीकरवरून घोषणा झाली. मृणालने ऐकली आणि सावकाश माझ्याकडे वळली.

"ते विचारतायत, विमानाजवळ लिंबू कोणाचं पडलंय."

मी आभाळाकडे बघू लागले. आभाळही काळं झालेलं.

"आई, सकाळी फ्रिजमध्ये लिंबं नव्हती. सरबत केलंत ना?"

"सरबतच होतंय की."

मृणाल मूळची नागपूरची. एरवी शुद्ध बोलते, पण संतापली की नागपूर बाहेर येतं. "काऊन केलं जी असं, आई!"

"हळू बोल. कोणी पाहिलेलं नाही."

कुंपणापलीकडे बसलेल्या माणसांचा मला विसर पडला होता! सहा महिने ज्यांच्यामागे बसून मी चहा प्यायले, ते कॅमेरेवाले त्या विमानाचा प्रत्येक क्षण टिपत होते. जिम कुंपणातून लाल टोपीवाल्याला हाका मारत होता. बिचाऱ्याला आपल्या मित्राचं उड्डाण वाचवायचं होतं! त्याने कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. टोपीवाला एकेक फोटो पुढे सरकवू लागला. मी वाकलेय. मी आणखी वाकलेय. माझा हात चाकाखाली. हातात पिवळं. मग दुसऱ्या चाकाखाली. मग मी शेपटीला नमस्कार करतेय.

लोकांनी कधी माझा एक फोटो धड काढला नव्हता. हे सगळे लख्ख आले होते!

टोपीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हे गॉगल कपाळावर चढवून आले. "हे तू केलंस?" ह्यांनी विचारलं. "अगं, पाऊस येतोय! आता उडणारच नाही ते!"

मी जन्मात कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की मी मोरीत जाऊन बसायची. पण ह्यांचं तोंड पाहिलं आणि उघडलं.

"मृणाल, त्याला सांग, माझा नवरा आहे तो. नवं वाहन असलं की आमच्यात चाकाखाली लिंबू देतात. वाईट नजर लागू नये म्हणून. दुसरं काही नाही."

मृणालने सांगितलं. टोपीवाला म्हणाला, "पण हे विमान नवं नाही. साठ वर्षांपेक्षा जुनं आहे."

"मग साठ वर्षं राहिलंच होतं द्यायचं," मी म्हटलं.

मृणालने तेही सांगितलं. पायलटबाई हसायला लागली ती थांबेना. आभाळाकडे बघून म्हणाली, पाऊस यायला दहा मिनिटं आहेत, चाकं पुसा, म्हाताऱ्याला आत टाका. टोपीवाल्याने मात्र माझी पर्स उघडायला लावली. उरलेली दोन लिंबं त्याने अशी चिमटीत धरून नेली की जसे काही बॉम्बच.

ह्यांना पुन्हा चढवायचं होतं. टोपीवाला म्हणाला, खिसे रिकामे करा, रुमालाशिवाय काही नको. ह्यांनी किल्ल्या, सुपारीची डबी आणि रुमाल सगळं माझ्या हातात दिलं. लिंबं गेलेली, ब्रेक नाहीत, आभाळ काळं, आणि नवरा अबोल! मला राहवेना. दुपारच्या डब्यात भाकरीबरोबर खायला इंडियन स्टोअरमधल्या हिरव्या मिरच्या होत्या. नखाएवढ्या, पण महाजहाल. टोपीवाल्याने मिरच्यांचं कुठे विचारलं होतं? चार मिरच्या रुमालाच्या घडीत घातल्या आणि रुमाल प्रेमाने ह्यांच्या खिशात कोंबला. त्यावरून टोपीवाल्याने पट्टा करकचून आवळला.

विमान धावलं आणि उडालं. मी डोळे मिटले ते खाली येईपर्यंत उघडले नाहीत.

उघडले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. हे खाली उतरत होते आणि रडत होते. साधं रडणं नाही, धारा! नाक लाल, डोळे सुजलेले. पायलटबाईने ह्यांना मिठी मारली. आठ वर्षांच्या पोराची गोष्ट जिमने सगळ्यांना सांगितली होती, त्यामुळे बायका डोळे पुसत होत्या. टोपीवाल्यानेसुद्धा टोपी काढली. माझाही ऊर भरून आला. म्हटलं, जन्माचं सार्थक झालं ह्यांच्या!

मोटारीत बसल्यावर मी हळूच विचारलं, "अहो, वरून कसं दिसतं हो?"

ह्यांनी खिशातून रुमाल काढला. हिरवा झाला होता. आत बिया.

"वर गेलो," हे म्हणाले, "वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं. गॉगल वर केला. रुमालाने पुसलं."

"मग?"

"मग काय! शेवटपर्यंत डोळा उघडला नाही. शेत नाही, नदी नाही, पंख नाही. काही म्हणजे काही दिसलं नाही मला!"

मृणालला मोटार रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, इतकी ती हसत होती. हे पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाशकात आल्यावर सगळ्यांना सांगतात की आनंदाने डोळे भरून आले होते. मी खाली मान घालून चहा आणायला आत जाते.

पण कोणी काही म्हणा, त्या दिवशी ह्यांना दृष्ट मात्र लागली नाही!