खारींच्या शेपट्या

परवा आमच्या शाळेत 'खारी वाचवा' म्हणून पोरांनी झाडाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मी सगळ्यांत जुनी बाई, म्हणून चार शब्द मला बोलायला लावले. मी म्हटलं, पाणी ठेवा, पण खारीला हातावर यायची सवय लावू नका. सगळे हसले. हसा मेल्यांनो, तुमचं काय जातंय!

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. लातूर नवाच जिल्हा झाला होता आणि पावसानं तोंड काळं केलं होतं. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात तलावाचं सरकारी काम निघालेलं. तिथल्या हजेरीत आईचं नाव होतं म्हणून आमची चूल पेटायची. तेवढ्यात कुण्या साहेबाला उंदीर मारायची मोहीम आठवली. मुकादमानं फर्मान काढलं, दर घरानं आठवड्याला दहा उंदरांच्या शेपट्या आणायच्या, नाहीतर नाव कमी. अरे, रानात दाणा नाही, तिथं उंदीर काय माती खाऊन राहील? बिळं उकरून आईची नखं गेली. हाती लागले दोन.

बांधाच्या दगडांत खारी होत्या. लिंबाखाली फुटक्या माठाच्या बुडात मी त्यांना पाणी ठेवायची. जिभेनं टकटक केलं की पळत यायच्या, हातावर बसून भाकरीचा तुकडा खायच्या. आईला हे ठाऊक होतं. तिनं पोतं काढलं तशी शेजारीण म्हणाली, पाठीवर रामाची बोटं हायत, पाप लागंल. आईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हाक मार त्यास्नी," ती मला म्हणाली. "तुझ्या आवाजाला येत्यात."

मी मारली. आई पोतं घेऊन माझ्या मागंच उभी होती. आठ सापडल्या. शेपट्या तिनं चुलीवर भाजल्या, विळ्यानं केस खरवडून उंदराच्या केल्या. मुकादमानं काठीनं ढोसून बघितल्या. त्याला कळलं नसेल? चांगलं कळलं, पण त्यालाही वर शेपट्याच दाखवायच्या होत्या. नाव राहिलं.

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कामावरची ज्वारी आली. सगळ्यांत जास्त भाकरी मीच खाल्ल्या. आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या आठवड्याला आईनं कुठून कुठून नऊ जमवल्या. दहावी काही मिळेना. बांधात एकच खार उरली होती, तीही पोटुशी. आई कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली. मीच पोतं उचललं, लिंबाखाली गेले आणि जिभेनं टकटक केलं. ती आली.