चार बदाम आणि बिरसाचा कॅम्प

माझ्या हातात चार बदाम होते, आणि साहेबांनी आपल्यापुढचे सगळे खडे टेबलाच्या मधोमध सरकवले होते. पोकरमध्ये याला 'ऑल-इन' म्हणतात. जवळ होतं नव्हतं ते सगळं लावलं, आता तू बोल. बाकीच्यांनी पत्ते केव्हाच पालथे घातले होते. बोलायचा उरलो मी एकटा.

खडे मँगनीजचे होते. क्लबात पैसे लावायला मनाई होती आणि खाणीत फुकट मिळणारी वस्तू तेवढीच. साठच्या दशकात बालाघाटजवळच्या एका छोट्या खासगी खाणीत मी सर्व्हेअर होतो. भरवेलीच्या मोठ्या खाणीपुढे आमची खाण म्हणजे परसातला खड्डा, पण मॅनेजरसाहेबांचा रुबाब दहा खाणींना पुरेल इतका. क्लब म्हणजे पत्र्याची एक खोली, एक कॅरमबोर्ड आणि रविवार दुपारचा पोकर. हा खेळ आधीचा इंग्रज साहेब मागे ठेवून गेला होता. त्याचा वक्तशीरपणा कोणी घेतला नाही, पोकर मात्र घेतला.

आमचे साहेब दोन वर्षांत एकदाही हरले नव्हते. कारण साधं होतं. साहेब सगळे खडे लावायचे आणि आम्ही पत्ते फेकायचो. आमचा सी.आर., म्हणजे वर्षाचा गोपनीय शेरा, तेच लिहायचे. त्यांचे पत्ते बघायला मागणारा माणूस आमच्या खाणीत अजून जन्मला नव्हता. साहेबांना मात्र मनापासून वाटायचं की आपण उस्ताद आहोत. "मैं आदमी का चेहरा पढ़ लेता हूँ," असं ते खडे गोळा करताना म्हणायचे.

त्या दुपारी ते म्हणाले, "बोरकर, पत्थर में क्या मजा है? बिरसा लगाते हैं। तुम जीते तो चौबे जाएगा। हारे तो तुम।"

बिरसा या गावाचं सांगतो. मालकांना तिकडच्या जंगलात नवी लीज, म्हणजे खणायची सरकारी परवानगी, हवी होती. त्यासाठी कुणीतरी आठ महिने तंबूत राहून हद्द मोजायची होती. आम्ही सर्व्हेअर दोघे. एक मी. दुसरा चौबे, माझ्याहून ज्युनिअर, सडाफटिंग, आणि साहेबांच्या सासुरवाडीचा. या तिसऱ्या गुणामुळे पहिले दोन कुणाला दिसत नव्हते.

माझ्या बायकोला, सुमनला, सातवा महिना होता. आधीची दोन पोरं राहिली नव्हती. या वेळी घरचं माणूस जवळ पाहिजे, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. हे सगळं मी अर्जात लिहून दिलं होतं. त्या अर्जावर साहेबांनी लाल पेन्सिलीने 'देखेंगे' असं लिहिलं होतं. त्यांनी 'देखेंगे' लिहिलेला कागद पुन्हा कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं.

"और पत्ते फेंक दूँ तो?" मी विचारलं.

"तो ऑफिस तय करेगा।"

ऑफिस म्हणजे तेच. म्हणजे पत्ते फेकले तर बिरसा जवळपास ठरलेलंच.

आता पत्त्यांचं. आमच्या पोकरमध्ये पाच पत्ते मिळतात, आणि लावून झालं की नको ते पत्ते बदलून घेता येतात. माझ्याकडे बदामचा एक्का, राणी, नव्वी, चौकी आणि एक किलवरची सत्ती. सत्ती टाकून पाचवा बदाम आला तर कलर, आणि कलर म्हणजे मोठा हात. नाही आला तर चार बदामांना काही किंमत नाही. असा हात म्हणजे पोट भरेल अशी आशा, जेवण नव्हे.

सर्व्हेअरला मोजायची खोड असते. न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस. त्यात बदाम नऊ. म्हणजे साधारण पाचात एकदा. हे काही फार नाही. पण ही गणती साहेबांच्या हातात काही असेल तर. नसेल तर माझा नुसता एक्काही पुरला असता.

शेजारी हेडक्लार्क राहांगडाले बशीतून चहा पीत होते. बशीवरून तोंड न काढता ते पुटपुटले, "भाऊ, फेका न. साहेबाले काहून डिवचता?"

"थांबा. मोजून राह्यलो."

मी खरं तर खड्डे मोजत होतो. साहेब रोज काठी घेऊन फिरायचे आणि कुठल्याही टेकाडावर ती टेकवून म्हणायचे, "यहाँ माल है।" मी नकाशा दाखवायचो, ते काठी दाखवायचे. सहा ठिकाणी काठी टेकवली, सहाही ठिकाणी खणलं, सहाही ठिकाणी मुरूम निघाला. त्या सहाही वेळा त्यांचा चेहरा आत्ता होता तसाच होता. पोटात काही नसताना एवढा भरल्या पोटाचा चेहरा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"कॉल," मी म्हणालो. म्हणजे मान्य, आता पत्ते बदलायचे आणि दाखवायचे.

राहांगडाल्यांनी बशी खाली ठेवली.

मी सत्ती टाकून एक पत्ता घेतला. इस्पिकची चौकी. कलर गेला, हातात चौक्यांची जोडी उरली. साहेबांनी एकही पत्ता बदलला नाही. ज्याचा हात आधीच भक्कम, तोच बदलत नाही.

मग त्यांनी पत्ते मांडले. राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. रंग वेगवेगळे, जोडी एकही नाही. सातवा खड्डा, सातवा मुरूम.

साहेबांनी ते पत्ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "वेल प्लेड. मेरी जबान है। चौबे जाएगा।"

मी सायकल इतकी जोरात कधी मारली नव्हती. सुमन तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "जिंकलो. चौबेच जाईल."

ती निवडता निवडता थांबली. "साहेब 'चौबेच' म्हन्ले, का तुमी 'च' लावला?"

"अवं, ते हिंदीत बोलले. हिंदीत च कुठून येईल?"

"मंग 'ही' असते ना. 'चौबे ही जाएगा.' असं म्हन्ले का?"

मी आठवून पाहिलं. म्हणाले नव्हते. "तुले साऱ्यातच खोट दिसते," असं म्हणून मी तिला गप्प केलं.

सोमवारी ऑर्डर आली. चौबे, कॅम्प इन-चार्ज, बिरसा, जीप आणि भत्त्यासह. खाली दुसरी ओळ: बोरकर, सहायक.

मी केबिनमध्ये गेलो. "सर, आपने कहा था चौबे जाएगा।"

"जा तो रहा है।"

"और मैं?"

"मैंने कब कहा कि तुम नहीं जाओगे? उसको सर्व्हे आता कहाँ है? अकेले कैसे भेजूँ?"

चौबेला सर्व्हे खरंच येत नव्हता. खाणीत मागे एकही सर्व्हेअर उरला नाही. त्याची साहेबांना चिंता नव्हती, काठी होती.

सुमनला मी रामपायलीला माहेरी पोचवलं. बैलगाडी सबंध वाट पावलापावलाने नेली. बिरसात मी जंगल मोजलं आणि चौबेने सह्या केल्या. इन-चार्जला जीप होती, दर पंधरवड्याला तो शिधा आणायला बालाघाटला जायचा. सहायकाला रजा इन-चार्जच्या शिफारशीने मिळायची, आणि ती 'ऑफिस' तपासायचं.

एका फेरीत चौबे वाट वाकडी करून रामपायलीला जाऊन आला. मनाने वाईट नव्हता तो. जीपमधून उतरला आणि म्हणाला, "बोरकरजी, बेटी हुई है। दोनों ठीक हैं। नाक आप पर गई है।"

मी त्याचे आभार मानले आणि तंबूच्या मागे जाऊन रडलो. माझी मुलगी चौबेने माझ्याआधी पाहिली. रजा मिळून मी पाहिली तेव्हा ती अडीच महिन्यांची होती.

माझा कॉल बरोबर होता, हे मी आजही कुणालाही गणित मांडून दाखवीन. जिंकायची शक्यता मी चोख मोजली. जिंकल्यावर मिळणार काय, हे मात्र विचारलं नाही, आणि जिने विचारलं तिला दटावलं. सुमनने ते पुढे कधी बोलून दाखवलं नाही. मुलीचं नाक माझ्यासारखं नाही, तिच्यासारखं आहे, एवढंच ती म्हणते.