देवाच्या तसबिरीची काच

माझ्या वडिलांचा मला अजून राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मधेच येऊन माझी समजूत घालायला नको. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या बहिणीबद्दल, माझ्या गोदूआत्याबद्दल. पन्नास-साठच्या दशकात बंगळूरच्या बसवनगुडीत ज्या घरांत पाळणे हलले, त्यांतल्या कितीतरी घरांतली पोरं तिच्या हातावर जन्माला आली. त्या पोरांना ती आठवायचं कारण नाही. मला आठवते.

आमचं घराणं इथं कधी आलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. शहाजीराजांच्या बरोबर आलो, असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वडिलांचं नाव नरसिंहराव, पण त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. चिकपेटेत त्यांचं तसबिरींना चौकटी बसवायचं दुकान होतं. व्यंकटेश, राघवेंद्रस्वामी, लक्ष्मी, कुणाकुणाचे गेलेले आजोबा, सगळे त्यांच्या हातून काचेआड जात. काच कापण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता, हे मी रागातही कबूल करते. काचेचा मोठा ताव उचलायचा झाला की ते आधी गिऱ्हाइकाला मागं व्हायला सांगत, मोठ्यानं, जवळजवळ अंगावर ओरडून. बोटांत शिरलेल्या काचा संध्याकाळी मीच त्यांना सुईनं काढून द्यायची.

गोदूआत्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन भावाकडं परत आली. भावानं आसरा दिला, असं लोक म्हणत. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून ते घर आत्यानं चालवलं आणि मला तिनंच वाढवलं. मग कुणी कुणाला आसरा दिला ते ज्याचं त्यानं ठरवावं. तिनं केस राखले, बाळंतपणाच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली ती काम करायची त्यांच्याकडून मोटारही शिकली. यातलं नातेवाइकांना सगळ्यात जास्त काय झोंबलं, ते सांगणं कठीण आहे. डॉक्टरीणबाई बंगळूर सोडून गेल्या तेव्हा त्यांची जुनी बेबी ऑस्टिन आत्याला देऊन गेल्या. जावळ काढल्यावर पोराचं डोकं दिसतं तेवढी ती गाडी, पण आत्यानं तिच्या जिवावर निम्मं शहर पालथं घातलं. आधी मला कॉलेजात सोडायची, मग बाळंतिणींकडं जायची. मी तिच्या शेजारी पुढं बसायची. गांधी बाजारातली फुलवाली विठाबाईसुद्धा माळ गुंफायची थांबून आमच्याकडं बघायची.

अण्णा त्या मोटारीत कधी बसले नाहीत. बाई चालवते त्या गाडीत पुरुषानं कसं बसायचं? पण खंडेनवमीला मात्र मोटारीची पूजा त्यांनाच करायची असायची. आमच्याकडं त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते पूजेला मांडतात. अण्णांची काच कापायची हिऱ्याची लेखणी आणि हातोडी, आत्याची कात्री आणि तिची पेटी, आणि दारात शेवंतीच्या माळा घातलेली ऑस्टिन. चाकांखाली लिंबं, पुढं एक चपटा दगड, त्यावर नारळ फोडायचा. फोडणार अर्थात घरातला पुरुष.

त्या वर्षी, म्हणजे सत्तावन-अठ्ठावनच्या सुमारास, सगळी गल्ली बघायला उभी होती. आत्या म्हणाली, "अण्णा, मी मोटार स्वल्प मागं घेते, मग फोड."

"मला शिकवू नको," अण्णा म्हणाले.

आणि लोक बघताहेत म्हणून त्यांनी नारळ डोक्यावर नेऊन असा काही आपटला की तो दगडाच्या कडेला लागून उसळला आणि थेट मोटारीच्या पुढच्या काचेवर गेला. नारळ फुटला नाही. काच तडकली. वरच्या कोपऱ्यातून निघालेली रेघ चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांपुढून खाली गेली. कुणीतरी हसलं. अण्णांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन जे. सी. रोडवर शिवाप्पाकडं गेली. मोटारींच्या काचा बसवणं हाच त्याचा धंदा. त्यानं रेघेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. "हे सांधायचं काम नव्हे, अक्का. गाडी हादरली की रेघ पुढं जाणार. बदलायलाच पाहिजे. ह्या काचेत दोन पदर असतात आणि मधे पापुद्रा. म्हणून ती फुटली तरी जागेवर राहते, तोंडावर येत नाही. तसली मद्रासहून मागवतो. तोवर गाडी काढू नका."

आत्यानं ते मानलं. मोटार दारात ठेवली आणि कामाला चालत जायला लागली. कधी बस, कधी टांगा. संध्याकाळी यायची ती पाय चेपत बसायची, पण कुरकुर केली नाही.

कुरकुर केली ती अण्णांनी. आधी म्हणाले, बदलायची कशाला, मी लाख लावून सांधून देतो. त्यांनी लावलीही. दोन दिवसांत रेघ लाखेला वळसा घालून पुढं गेली. मग त्यांनी सूर बदलला. तडकलेली काच दारात ठेवू नये, घराला चांगलं नाही, बदलायलाच हवी, आणि लगेच. मी तेव्हा समजले, त्यांना बहिणीची काळजी वाटते. कसली काळजी! तडकलेली मोटार दारात उभी आहे तोवर जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या नारळाची आठवण काढत होता. दुकानात पिराजी नावाचा शेजारचा भांडीवाला रोज विचारायचा, "काय नरसिंहराव, आली का काच?" त्यांना सोसवत नव्हतं ते एवढंच.

एके दिवशी कॉलेजातून घरी येते तर मोटारीला नवी कोरी काच. जुनी काच जरा पिवळट झालेली, ही अगदी लख्ख. अण्णा हात मागं बांधून उभे. आत्या कामावरून आल्यावर बघतच राहिली.

"शिवाप्पाकडून आणवून बसवून घेतली," अण्णा म्हणाले. "म्हटलं, तू कुठं खेटे घालणार."

आत्याचे डोळे भरून आले. भावानं आपल्या मोटारीसाठी काही केलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिनं त्या दिवशी हयग्रीव केलं. हरभऱ्याच्या डाळीचा तो गोड पदार्थ अण्णांचा जीव की प्राण. अण्णांनी ते खाल्लं आणि वर आणखी वाढ म्हणाले. इतक्या वर्षांनीही मला आठवतं ते हेच, त्यांनी आणखी मागून घेतलं.

नंतर कितीतरी दिवस मी त्या काचेमागं बसून कॉलेजात गेले. रस्ता खडबडीत असला की काच बारीक थरथरायची. आम्हाला वाटायचं, नवी आहे म्हणून.

मग एकदा कॉलेज सुटल्यावर आत्या मला घ्यायला आली आणि परतताना जे. सी. रोडवर शिवाप्पानं हात करून आम्हाला थांबवलं. "काय अक्का, मद्रासची काच येऊन पडली आहे, तुम्ही येताय कधी?" एवढं म्हणून त्याचं लक्ष मोटारीकडं गेलं. तो जवळ आला, नखानं काचेवर टिचकी मारली, वाकून कड बघितली. "ही कुणी बसवली? ही फोटोची काच आहे."

आत्यानं उतरून ती कड स्वतः बघितली.

"आत्ताच्या आत्ता बदलून देतो, अक्का. थांबा."

"उद्या," आत्या म्हणाली. "आधी घरी एक काम आहे."

तिनं मला उतरवून मागच्या सीटवर बसवलं आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं मोटार घरी आणली. मी दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून बसले होते. आत्या मात्र शांत होती. तिचा राग असाच असायचा. आरडाओरडा करणं हा अण्णांचा प्रांत.

सकाळी अण्णा कोट-टोपी घालून दुकानाला निघाले तेव्हा आत्या मोटारीजवळ उभी होती.

"अण्णा, आज तुला पेठेपर्यंत सोडते. बस."

"मी चालत जातो."

"रोज जातोसच की. आज बस. तू काच बसवून दिलीस आणि एकदाही बसला नाहीस, बरं दिसत नाही." तिनं पुढचं दार उघडून धरलं.

समोर रघुजी शिंपी दुकान उघडत होता, तो बघायला लागला. चारचौघांत नाही म्हणणं अण्णांना जमेना. ते आले. दारावर हात ठेवला, एक पाय आत टाकला, आणि डोळ्यांपुढं हातभर अंतरावर ती काच आली. ते तसेच थांबले. मग पाय बाहेर काढला.

"मी मागं बसतो," ते म्हणाले.

"मागं कशाला?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"अनू रोज पुढं बसली," आत्या म्हणाली. "रोज, तुझ्या डोळ्यांदेखत. तिला का नाही म्हणालास, मागं बस म्हणून?"

अनू म्हणजे मी. मी तिथंच उंबऱ्यात उभी होते. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. आपली बोटं बघत राहिले, ज्यांतून मी सुईनं काचा काढायची ती बोटं. मग म्हणाले, "फुटली नसती ती."

मी त्यांच्यासाठी खूप निमित्तं शोधून पाहिली आहेत. त्यांना ठाऊक नसेल, विसरले असतील, काच ती काच असं खरंच वाटलं असेल. एकही टिकत नाही. ठाऊक नसतं तर ते पुढं बसले असते.

इतक्यात कल्लाप्पा धावत आला. हा येलहंका स्टेशनवर कामाला. त्याची बायको गंगव्वा दिवसांत होती. आधीची दोन्ही मुलं तिला लाभली नव्हती, आणि या खेपेला आत्यानं तिला शब्द दिला होता, मी येईन. कल्लाप्पा पहाटेच्या गाडीनं आला होता आणि स्टेशनपासून पळत.

"अक्का, तिला कळा सुरू झाल्या," तो म्हणाला.

शिवाप्पाचं दुकान उघडायला अवकाश होता. आत्यानं क्षणभर विचार केला, मग अण्णांच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस आणायला मला सांगितलं. तिनं स्वतः पेच सोडवले, काच चौकटीतून काढली आणि अलगद उंबऱ्याशी टेकून ठेवली. फोडली नाही. तिच्या जागी मी असते तर फोडली असती.

"आता पुढं बस," ती मला म्हणाली. "आता काही भीती नाही."

कल्लाप्पा मागं बसला. आम्ही तसेच निघालो, समोर नुसतं भोक. हेब्बाळ गेल्यावर लाल माती तोंडावर यायला लागली. आत्यानं पदर डोक्यावरून घेऊन दातात धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मोटार हाकत होती. वाटेत लोक हसत होते. हसू देत. गंगव्वेला मुलगी झाली, धडधाकट. पोचल्याबरोबर आत्यानं आधी साबणानं हात-तोंड धुतलं होतं, मगच गंगव्वेला हात लावला.

परत आलो तेव्हा उंबऱ्यावर काच नव्हती. अण्णा ती दुकानात घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी शिवाप्पानं मद्रासची काच बसवली. घरात या गोष्टीचा पुन्हा उच्चार झाला नाही. पुढच्या खंडेनवमीला आत्यानं मोटार मागं घेतली आणि नारळ स्वतः फोडला. अण्णा त्या दिवशी देवळात जाऊन बसले. आत्यानं मात्र त्यांना जेवायला वाढणं कधी सोडलं नाही. मी तिला एकदा विचारलं, तू हे गिळलंस कसं? ती म्हणाली, "गिळलं नाही ग. पण हयग्रीव पुन्हा केलं का मी?" खरंच. त्यानंतर आमच्या घरात ते कधी झालं नाही.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात आत्या गेली. काविळीचं निमित्त झालं. अण्णांनी तिचा फोटो मोठा करून आणला, ती मोटारीशेजारी उभी आहे तो, म्हणून आडवा. चौकट त्यांनी स्वतः केली. घरी आलेले लोक म्हणाले, भावानं किती प्रेमानं केलंय. मी जवळ जाऊन बघितलं. तसबिरीच्या काचेचे कोपरे काटकोनी असतात. या काचेचे वरचे दोन कोपरे गोल घासलेले होते, ऑस्टिनच्या चौकटीत बसावेत म्हणून.

ती त्यांनी इतकी वर्षं दुकानात जपून ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही. पश्चात्ताप असेल, असं मला पुष्कळ जण सुचवतात. असेल. मग तो तोंडानं सांगायचा होता, ती जिवंत असताना.

लोक गेल्यावर मी भिंतीवरून फोटो उतरवला, चौकट उलटी करून मागचे खिळे काढले आणि काच दोन्ही हातांनी उचलली. अण्णा समोर उभे होते. माझ्या हातात काच दिसल्याबरोबर ते सवयीनं मागं सरकले.

"फुटली नसती ना ती?" मी म्हणाले. "मग मागं कशाला सरकता?"

मी काच मागच्या अंगणात नेऊन ठेवली आणि फोटो नुसताच पुन्हा खिळ्याला लावला. तो अजून तसाच आहे. धूळ बसते, ती मी पुसते.