मशीनवाल्या सरांची थंड खोली

भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांत पेपरवाले आले, तेव्हा मन्मथ बिडवे आठ वर्षांचा होता. पडलेल्या शाळेपुढं तो आणि शेजारचा शिवलिंग असे दोघं उभे होते. फोटो दोघांचा काढला, छापून आला एकट्या शिवलिंगचा. मन्मथचा तेवढा कोपर राहिला. घर गेलं, आजोबा गेले, पत्र्याच्या शेडमध्ये सगळं बालपण गेलं, त्याबद्दल तो फारसा बोलत नसे. त्या कोपराची गोष्ट मात्र त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगितली.

असा माणूस लातूरच्या कोचिंगमध्ये आला, म्हणजे आगीशेजारी कडबा ठेवल्यासारखंच झालं. इथं चौकाचौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर सरांचे फोटो, पोरांचे फोटो, पोरांच्या मार्कांचे आकडे. विरूपाक्ष सरांच्या क्लासचं सगळं कम्प्युटरचं काम मन्मथ करायचा. रविवारच्या टेस्टच्या प्रश्नपत्रिका छापायच्या, सरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे मार्क चढवायचे, निकाल लावायचे. फ्लेक्सवर मात्र त्याचा फोटो कधीच नसायचा. फिजिक्सच्या नागप्पा सरांचा असायचा, चांगला अर्धा फ्लेक्स भरून.

मग एआय आलं आणि मन्मथचे दिवस पालटले. विरूपाक्ष सरांनी हौसेनं मोठमोठी मशीनं आणली आणि मन्मथनं त्यांवर शंका सोडवणारा ॲप उभा केला. पोरानं प्रश्नाचा फोटो पाठवायचा, मशीननं उत्तर द्यायचं. हजारो पोरं, हजारो प्रश्न. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखे घोंघावायचे, दोन-दोन एसी लावूनही घाम फुटायचा. लाईट गेली की जनरेटर सुरू, मग सगळी गल्ली धुरानं खोकायची. पालक ॲडमिशनला आले की विरूपाक्ष सर त्यांना आधी ती खोली दाखवायचे. सोयाबीन विकून आलेला बाप दारातच चप्पल काढायचा. मन्मथ तेव्हा उगाचच एखादी वायर हलवून बघायचा. पोरं त्याला ‘मशीनवाले सर’ म्हणू लागली, आणि यंदाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो टाकायचं विरूपाक्ष सरांनी कबूलही केलं.

विजेचं बिल आलं की मात्र ते डोक्याला हात लावायचे. म्हणून त्यांनी नांदेडहून मुबश्शिराला बोलावलं. ही इंजिनिअर पोरगी, पुण्यात नोकरी करून आलेली, बोलायला मऊ. तिनं आठवडाभर मशीनचं काम नुसतं बघितलं आणि एक साधीच गोष्ट विचारली.

“मन्मथ सर, सगळ्या लेकरांना एकच पेपर असतो. प्रश्नबी तेच विचारतात. मग मशीन दरवेळी पहिल्यापासून का विचार करून राहिली?”

मेसमध्ये प्रत्येक पोरासाठी वरणाचं वेगळं पातेलं चढवत नाहीत, तसं हे. मुबश्शिरानं उत्तर एकदा तयार झालं की जपून ठेवायची सोय केली. तसाच दिसणारा प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर द्यायचं. सोप्या प्रश्नांना छोटं मॉडेल लावलं, मोठं फक्त अवघड प्रश्नांसाठी. महिनाभरात एक मशीन सोडून बाकीची बंद झाली. बिल धाडकन उतरलं. खोली थंड पडली. आता पालकांना वर नेऊन दाखवायचं काय, हाच प्रश्न होता. विरूपाक्ष सर त्यांना बिल दाखवू लागले आणि मुबश्शिराची ओळख करून देऊ लागले. फ्लेक्सवर मन्मथच्या जागी तिचा फोटो टाकायचं ठरलं.

मन्मथ जळत होता. तिच्या डब्यातल्या तहारीच्या वासानंही त्याचं डोकं उठायचं. मी उभं केलं, हिनं बंद केलं आणि नाव हिचं! सगळ्यात जास्त हे टोचत होतं की इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचली नाही.

आणि तिनंच एक दिवस त्याच्या हातात कोलीत दिलं. “सर, पेपरचे चार संच तुम्हीच बनवता ना? त्यात फक्त प्रश्नांचा क्रम बदलतो, बरोबर? प्रश्न तेच ऱ्हातात?”

नाही, राहत नव्हते. शेजारच्याचं बघून लिहिणारा सापडावा म्हणून नागप्पा सर पिवळ्या संचात एखादा शब्द मुद्दाम बदलायचे. पांढऱ्या संचात ठोकळा गुळगुळीत उतारावरून घसरला, तर पिवळ्यात खडबडीत, म्हणजे तिथं घर्षण धरायचं. प्रश्न दिसायला जुळा भाऊ, रीत पूर्ण वेगळी. बाहेरून आलेल्या माणसाला हे कळायचं कारण नव्हतं. मन्मथ तर तो बदल स्वतःच्या हातानं टाईप करायचा.

“हाव,” तो म्हणाला. “क्रमच बदलतो. दुसरं काय न्हाई.”

त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

पुढच्या टेस्टचे पेपर तपासून नागप्पा सर लालबुंद होऊन ऑफिसात शिरले. “पिवळा संच सोडवलेली लेकरं घर्षणच धरंना गेली! सगळ्यायची एकच चूक! मागल्या टेस्टच्या शंका ॲपला इचारल्या म्हणत्यात, काय शिकिवलं त्या मशीननं?”

मन्मथ खुर्चीत ताठ बसला. या क्षणाची तो देव पाण्यात ठेवून वाट बघत होता. मुबश्शिरानं दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

“चूक माझी हाय, सर. मी विचारलं होतं, पण पेपर सोता उघडून बघायला पाहिजे होता.”

“कुणाला विचारलं होतं?” विरूपाक्ष सरांनी आवाज चढवला.

“ते राहू द्या. जबाबदारी माझी होती.”

तिनं मन्मथकडे पाहिलंसुद्धा नाही. झालं! मोठेपणातही हिचाच नंबर पहिला. दुपारपर्यंत तिनं दुरुस्ती केली, पोरांना चुकीची कबुली पाठवली, आणि मशीनं बंद ती बंदच राहिली. फ्लेक्सवरचा तिचा फोटोही कुणी काढा म्हणालं नाही. मन्मथच्या हाती काही लागलं नाही, उलट पोटातलं जास्तच पेटलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शिवांगी, त्याची एकुलती एक लेक, पाटावर पेपर पसरून बसली होती. ती त्याच क्लासला होती. तिच्या उत्तरावर भली मोठी लाल फुली होती. बाजूला तिनं आधी केलेली आकडेमोड खोडलेली दिसत होती. मन्मथनं वाकून बघितलं. खोडलेलं होतं ते बरोबर होतं, घर्षणासकट.

“हे बरोबर होतं की. खोडलं कशाला?”

“मागल्या टेस्टला बी असंच गणित होतं, तवा ते सुटलं न्हाई. मग ॲपला विचारलं, तं त्यानं घर्षण नको म्हणलं.”

“आन् तू ऐकलंस?”

शिवांगीनं नवलानं वर पाहिलं. “म्हंजे? तुमची मशीन हाय ना ती, पप्पा. मला वाटलं, मीच चुकले असन.”