पाय गोळीने नाही, बिडीने गेला

"बर्जर्स डिसीज," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांची नजर माझ्या डाव्या पायाच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यावर होती. "म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. रक्त खाली उतरत नाही. बिडी सोडली नाहीत तर पाय जाईल."

तो माणूस मला त्याच क्षणी नकोसा झाला. आमच्या गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, सगळेच विणकर बिड्या ओढतात, मग सगळ्यांचे पाय का काळे पडत नाहीत, असं मी उलट विचारलं.

"सगळ्यांचं मला माहीत नाही. तुमचं सांगतोय."

सुरुवात वर्षभर आधी झाली होती. लालबागच्या चाळीतून लोअर परळच्या गिरणीत मी पायीच जायचो. वाटेत पोटरीत गोळा यायचा. थांबलं की जायचा, चाललं की परत यायचा. मी तेल चोळलं, लेप लावले, चपला बदलल्या. तुम्हाला असं होत असेल तर तेल चोळत बसू नका. सरळ इस्पितळात जा. मी गेलो तेव्हा उशीर झाला होता, आणि जाऊनही बिडी सोडली नाही. डॉक्टरला खोटं पाडायचं होतं म्हणा.

चार महिन्यांत गँगरीन झालं. गँगरीन म्हणजे जिवंत माणसाच्या अंगावर मांस कुजणं. वास इतका, की बायको जेवणाचं ताट ठेवून दाराबाहेर जाऊन बसायची. परळच्या इस्पितळात त्याच डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर मी त्यांना आईवरून शिवी दिली. त्यांनी नाडी मोजली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

नसलेल्या पायाची बोटं दुखायची. याला फॅन्टम पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूला ते पटत नाही. नर्सला सांगितलं तर ती हसली. तिचाही मला राग आला.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे होते. शेजारच्या खाटेवर गिरगावचा एक कारकून होता, मांडीत पोलिसांची गोळी लागलेला. त्याला भेटायला माणसांची रीघ लागायची. हार, मोसंबी, घोषणा. जाताना लोक माझ्या बँडेजकडे बघून, मलाही गोळी लागली असं समजून, हात जोडायचे, दोन मोसंबी ठेवायचे. पहिल्या दिवशी मी ती खाल्ली आणि गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी ती कारकुनाच्या खाटेवर सरकवली.

लाकडी पाय बसला. गिरणीचा लेबर ऑफिसर म्हणाला, "साच्यावर उभं राहायला दोन पाय लागतात." माझी अकरा वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात संपली.

घरी बसलो असतो तर वेडा झालो असतो. इस्पितळामागच्या कारखान्यात लाकडी पाय बनवत, तिथे रोज जाऊन बसू लागलो. म्हाताऱ्या कारागिराने हाकललं नाही. हळूहळू पट्टे शिवायला, चामडं ताणायला, कापलेल्या पायाच्या खुंटाला घासणारी कड तासायला शिकलो.

तिथे एक दिवस वेंगुर्ल्याहून एक बाई आली. आधी बैलगाडी, मग बोट, मग भाऊच्या धक्क्यावरून परळपर्यंत कुबडीवर. कशासाठी? तुटलेल्या एका पट्ट्यासाठी. मी पट्टा शिवून दिला आणि तसाच डॉक्टरांच्या खोलीत घुसलो.

"ती एका पायावर इथवर येते. तुम्हाला दोन पाय आहेत. तुम्ही का नाही जात?"

डॉक्टर लिहायचे थांबले. "कशाने जाऊ? गाडी कुठाय?"

हे त्यांच्या मनात आधीच होतं, हे मला माहीत नव्हतं. पुढे दादरची एक समिती एक जुनी मोटार द्यायला तयार झाली. गाडी गावोगाव जाईल, खुंट तपासेल, पाय दुरुस्त करेल आणि अपंगांना तिथल्या तिथे काम मिळवून देईल, असं ठरलं. समितीने हिंदमाताजवळच्या एका हॉलमध्ये समारंभ ठेवला. लोकांसमोर उभं करायला त्यांना एक लंगडा हवा होता. मी होतोच.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "भाषणात सांगा, आंदोलनात गोळी लागली. लोकांना हुरूप येतो."

"मला गोळी लागली नाही."

"कोण तपासायला येतंय?"

मी व्यासपीठावर गेलो आणि सांगितलं, माझा पाय गोळीने नाही, बिडीने गेला. ज्यांना गोळ्या लागल्या त्यांचा मान मला नको. मला काम हवंय, आणि गावाकडे पडून असलेल्यांनाही कामच हवंय. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी शीळ घातली.

खाली उतरल्यावर अध्यक्ष लालबुंद होऊन डॉक्टरांना म्हणाले, "हा माणूस गाडीत दिसता कामा नये."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मग पट्टे तुम्ही शिवा."

मी गाडीत चढलो.

कुडाळच्या पलीकडे एका गावात बाबी नावाचा माणूस भेटला. माडावरून पडून पाय गेलेला. दोन वर्षं पडवीतून हलला नव्हता. मी त्याला पाय बसवला, चालायला लावलं, मग त्याला घेऊन जवळच्या काजूच्या कारखान्यात गेलो. मॅनेजरने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "असा माणूस आमच्या काय कामाचा?"

"का? काजू पायाने सोलतात काय तुमच्याकडे?"

बराच वेळ भांडण झालं. मी आवाज चढवला, त्याने माणसं बोलावली. शेवटी डॉक्टर शांतपणे बाकावर बसले आणि म्हणाले, होकार मिळाल्याशिवाय आम्ही उठत नाही. बाबीला महिनाभर अजमावून बघायचं ठरलं.

तीन महिन्यांनी गाडी पुन्हा त्या गावी गेली. बाबीचा खुंट तपासायचा होता, नवा पट्टाही आणला होता. पडवी रिकामी. त्याची बायको दारात आली.

"ते घराक नाय. कामाक गेलेत."

"आम्ही येणार म्हणून निरोप होता ना?" मी तडकलोच. "मुंबईहून डॉक्टर आलेत."

"निरोप मिळालो. पण रजा घेवक तयार नाय ते. सांजेक येतले म्हणान सांगलानी."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टरांनी पडवीतल्या बाबीच्या जागेवर बैठक मारली आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. बाई आत पाणी आणायला गेली. मीही त्यांच्या शेजारी टेकलो. संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते, पण दोन वर्षं इथून न हललेला माणूस कामावरून चालत येताना मला बघायचा होता, आणि उठायची माझी मुळीच इच्छा नव्हती.